आवाज वाढवायचा, पण कुठे?

आज बचतीच्या हिशोबाचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज एका रेझिस्टरचं बोलायचं आहे. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, किंमत रुपया-दोन रुपये. ती चुकीच्या जागी बदलली म्हणून आमच्या गटाला अठराशे रुपयांचा फटका बसला, भर मंदिरात मान खाली घालावी लागली, आणि आमच्या एक वहिनी गट सोडायला निघाल्या होत्या. तुमच्यापैकी बऱ्याच गटांनी आता साउंडचे सेट घेतले आहेत, काही घ्यायच्या विचारात आहेत. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. थोडे आकडे येतील, पण ते वजाबाकी-भागाकाराच्या पुढचे नाहीत.

आम्ही बाराजणी. बँकेचं कर्ज काढून सेट घेतला: मिक्सर, ॲम्प्लिफायर, चार माईक, दोन उभे बॉक्स आणि दोन सबवूफर. बारसं, हळद, हळदीकुंकू, ग्रामसभा, सप्ताह, सगळीकडे भाड्याने देतो. माईक लावणं, वायरी ओढणं, मिक्सरवर बसणं हे सगळं आम्हीच करतो. दुरुस्ती वहिनी बघतात. त्यांच्या माहेरी भावाचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं. सोल्डरिंग त्या लग्नाआधीच शिकल्या.

तक्रार एकच होती. हळदीला पोरं म्हणायची, ताई, बेस कमी आहे, धमक येत नाही. दोन ऑर्डरी त्यावरून हातच्या गेल्या. गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनीच वहिनींना सांगितलं, काहीतरी करा आणि बेस वाढवा. हे लक्षात ठेवा, सगळ्यांनी सांगितलं. पुढे याचा संबंध येणार आहे.

आता सबवूफरला आवाज कसा जातो ते बघू. मिक्सरमधून सगळेच आवाज येतात, बारीक आणि जाडही. पण सबवूफरला फक्त जाड आवाज द्यायचे असतात. म्हणून मध्ये एक छोटा बोर्ड असतो. त्याला लो-पास फिल्टर म्हणतात. तो जाड आवाज पुढे जाऊ देतो, बारीक अडवतो. आपण पीठ चाळतो तसंच, फक्त इथे जाडं खाली पडतं आणि बारीक वर राहतं. आवाजाचा जाडपणा हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो. आमच्या बोर्डाची हद्द होती साधारण १०५ हर्ट्झ. त्याच्या खालचं जातं, वरचं कमी कमी होत जातं. म्हणून सबवूफरमधून निवेदन नीट ऐकू येत नाही, नुसता धमधम येतो.

हा फिल्टर ‘ॲक्टिव्ह’ असतो. म्हणजे त्यात नुसते रेझिस्टर-कपॅसिटर नसतात, एक आयसीही असतो. आयसीला वीज मिळते आणि तो आवाज वाढवूही शकतो. आमच्या बोर्डावर आठ पायांचा ४५५८ नंबरचा आयसी आहे. तुमच्याही बोर्डावर बहुतेक तोच सापडेल. एका आयसीत दोन ऑप-ॲम्प असतात, म्हणजे आवाज वाढवणारी दोन छोटी यंत्रं. एक पाय १, २ आणि ३ वर. दुसरं पाय ५, ६ आणि ७ वर.

फिल्टर पहिल्या यंत्राभोवती बसवलेला होता. आवाज दोन रेझिस्टरमधून एकापाठोपाठ एक पाय ३ कडे जातो. दोन्ही १५ किलोओहमचे, रंग तपकिरी, हिरवा, नारिंगी. दोन कपॅसिटर, दोघांवर १०४ छापलेलं, म्हणजे पॉइंट एक मायक्रोफॅरड. त्यातला एक पाय ३ वरून ग्राउंडला. दुसरा मात्र त्या दोन रेझिस्टरच्या मधल्या जोडावरून थेट आउटपुटला, पाय १ ला. हा दुसरा कपॅसिटर लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यातच आहे.

आणि आयसीचा गेन, म्हणजे आवाज किती पट करायचा, हे आणखी दोन रेझिस्टर ठरवतात. एक पाय १ पासून पाय २ ला. दुसरा पाय २ पासून ग्राउंडला. हिशोब सोपा आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि त्यात एक मिळवा. आमच्याकडे पहिला ५.६ किलो होता, हिरवा, निळा, लाल. दुसरा १० किलो, तपकिरी, काळा, नारिंगी. ५.६ भागिले १० म्हणजे ०.५६. अधिक एक. गेन झाला १.५६.

वहिनींना हा हिशोब ठाऊक होता. त्यांनी विचार केला, गेन वाढवायचा तर पहिला रेझिस्टर मोठा करायचा. ५.६ काढून १८ किलो लावला. १.८ अधिक एक, गेन २.८. म्हणजे आधीच्या साधारण १.८ पट. हिशोबात काही चूक नव्हती. घरी अंगणात वाजवून बघितलं. काय घुमला म्हणता! पत्रे थरथरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या सप्ताहाची ऑर्डर होती.

संध्याकाळचा हरिपाठ सुरू झाला. सभामंडपात चार माईक, एक पखवाजाला. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावलेली असते, त्याचा आवाज चांगला जाड. पहिल्या दोन अभंगांना सगळे खूष. मग पखवाज थांबला, पण सबवूफरमधलं घूं थांबेना. आवाज वाढतच गेला. मिक्सरवर जी बसली होती तिने एकेक माईक बंद केला तेव्हा एका बाजूचं घूं थांबलं. दुसऱ्या बाजूचं तरीही चालूच. शेवटी ॲम्प्लिफायरचं बटण बंद करेपर्यंत जळका वास आला होता. त्या वूफरची कॉईल गेली.

उरलेला हरिपाठ माईकशिवाय झाला. कमिटीतले एक जण सगळ्यांसमोर म्हणाले, बायकांचं काम नव्हे हे. भाडं आम्ही घेतलं नाही. कॉईल बदलायला अठराशे रुपये लागले.

मैत्रिणींनो, त्याच्या पुढच्या बैठकीचंही सांगायला हवं. दोघी-तिघी म्हणाल्या, ज्यांनी रेझिस्टर बदलला त्यांनी भरावे अठराशे. वहिनी काही बोलल्या नाहीत. पाकिटातून पाचशेच्या दोन नोटा काढून सतरंजीवर ठेवल्या, बाकीचे पुढच्या महिन्यात देते म्हणाल्या, आणि माझं नाव आता कमी करा. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी बोलल्या. म्हणाल्या, बेस वाढवा असं सांगताना हात किती वर होते? बाराही होते. मग पैसे एकीचे कसे? नोटा परत दिल्या. खर्च गटाच्या नफ्यातून घातला. आणि ठरवलं की चूक नेमकी कुठे झाली हे कळल्याशिवाय सेट बाहेर काढायचा नाही. वहिनींचा हिशोब बरोबर होता, तर मग घूं आलं कुठून?

उत्तर सापडायला दोन रविवार लागले. आमच्या एका ताईंची मुलगी तालुक्याच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करते. तिने मोजायचं ठरवलं. मोबाईलवर सूर वाजवणारं ॲप घेतलं. हव्या त्या हर्ट्झचा एकच सूर त्यातून निघतो. तो बोर्डाला दिला आणि बाहेर किती व्होल्ट निघतात ते मीटरवर बघितलं. एक सांगतो, आपल्याकडचे स्वस्तातले मीटर यासाठी चालत नाहीत. त्यांत एसीचा सगळ्यात लहान टप्पा २०० व्होल्टचा असतो, त्यावर एवढी थोडी वीज नीट दिसत नाही. दोन व्होल्टचा एसी टप्पा असलेला मीटर लागतो. तिने तो मागून आणला.

आत ०.२ व्होल्ट दिले. आधी जुना ५.६ चा रेझिस्टर परत लावून मोजलं. ३० हर्ट्झला बाहेर ०.३१ व्होल्ट. १०५ ला ०.२२. २१० ला ०.०७ च्या आसपास. म्हणजे जाड आवाज दीडपट होऊन येतो, हद्दीवर थोडा उतरतो, हद्दीच्या दुप्पटीला चौथा हिस्साच उरतो. फिल्टरने असंच वागायला हवं.

मग १८ चा लावला. ३० हर्ट्झला ०.६१ व्होल्ट. जवळजवळ दुप्पट, ठीक आहे. २१० ला ०.१९. आणि १०५ ला? २.८ व्होल्ट! आधी जिथे ०.२२ होतं तिथे २.८. म्हणजे जवळजवळ तेरा पट. आम्ही मागितलं होतं सगळीकडे १.८ पट. मिळालं एकाच सुराला तेरा पट.

आता तो दुसरा कपॅसिटर आठवा, आउटपुटवरून मागे येणारा. बाहेर पडलेला आवाज तो पुन्हा आत आणतो. हद्दीच्या सुराला, म्हणजे आमच्या १०५ हर्ट्झला, हा परतलेला आवाज पाय ३ पर्यंत पोचताना एक-तृतीयांश उरतो. आयसी त्याला गेनने गुणतो आणि पुन्हा बाहेर काढतो. तो पुन्हा मागे येतो. असं चक्र चालतं. गेन १.५६ असेल तर प्रत्येक फेरीत आवाज निम्म्याजवळ येतो आणि विरून जातो. गेन २.८ केला की फेरीत जवळजवळ काहीच कमी होत नाही. आणि गेन तीन झाला तर एक-तृतीयांश गुणिले तीन, म्हणजे पुन्हा पूर्ण एक. आवाज कधी संपतच नाही. झोपाळ्याला दर खेपेला नेमक्या वेळी, नेमका कमी झालेला तेवढाच धक्का दिला तर तो थांबेल का? तसंच.

यासाठी त्या मुलीने आम्हाला एक सोपं गणित दिलं, ते वहीत लिहून घ्या. तीनातून गेन वजा करा. जे उरतं तो लगाम. मग गेनला त्या लगामाने भागा. हद्दीच्या सुराला आवाज किती पट होणार ते उत्तर.

गेन १.५६. तीनातून गेला, लगाम उरला १.४४. भागाकार १.०८.

गेन २. लगाम १. भागाकार २.

गेन २.५. लगाम अर्धा. भागाकार ५.

गेन २.८. लगाम ०.२. भागाकार १४.

गेन ३. लगाम शून्य. आता भागायला काही उरलंच नाही. फिल्टर स्वतःच सूर काढायला लागतो.

बघा, गेन १.५६ चा २.८ केला, दुप्पटसुद्धा नाही. पण लगाम १.४४ वरून ०.२ वर आला, सातव्या हिश्श्यावर. एकाच रेझिस्टरला दोन दोरे बांधलेले आहेत. एक ओढला की दुसरा आपोआप ओढला जातो. वहिनींना पहिला दोरा दिसला होता, दुसरा दिसला नव्हता. आणि तो आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता.

हा फिल्टर अशा पद्धतीने बांधणं १९५५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या सॅलन आणि की या दोघांनी मांडलं. म्हणून त्याला सॅलन-की फिल्टर म्हणतात. आणि आमच्या बोर्डावर कंपनीने ५.६ आणि १० हीच जोडी का घातली होती, त्यालाही कारण आहे. बटरवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३० मध्येच दाखवलं होतं की फिल्टर कसा असला म्हणजे त्याच्या हद्दीआधी कुठेही फुगवटा येत नाही. या बोर्डाच्या मांडणीत त्यासाठी गेन १.५८६ लागतो. ५.६ आणि १० मधून येतो १.५६, अगदी जवळचा. म्हणजे तो रेझिस्टर कुणी हाताला येईल तो लावलेला नव्हता, तो हिशोबाने बसवलेला होता.

पण एक कोडं राहिलं होतं. एका बाजूचं घूं माईक बंद केल्यावर थांबलं, दुसऱ्या बाजूचं थांबलं नाही. दोन्ही बोर्डांवर १८ चाच रेझिस्टर होता, मग फरक कसा?

पहिल्या बाजूचं असं होतं की सबवूफरचा आवाज माईकमध्ये शिरत होता आणि तेरा पट होऊन पुन्हा सबवूफरमध्ये येत होता. माईक बंद झाला, वाट तुटली. दुसऱ्या बोर्डाला मात्र बाहेरच्या वाटेची गरजच नव्हती. त्या मुलीने त्याची इनपुटची वायर काढली, इनपुट ग्राउंडला टेकवलं, तरी मीटरवर आकडा येत होता. बोर्ड स्वतःच वाजत होता. कारण रेझिस्टरवर शेवटचा सोनेरी पट्टा असतो, त्याचा अर्थ पाच टक्के इकडेतिकडे. छापील १८ चा प्रत्यक्षात १८.९ असू शकतो, १० चा साडेनऊ असू शकतो. एवढ्यानेच गेन २.९९ वर जातो. कपॅसिटर तर दहा टक्के इकडेतिकडे असतात. ग्राउंडकडचा कपॅसिटर दुसऱ्यापेक्षा दहा टक्के लहान निघाला, तर लगाम तीनाच्या जागी २.८ लाच संपतो. म्हणून अंगणात चाललं म्हणजे मंदिरात चालेल असं नाही, आणि एका बोर्डावर चाललं म्हणजे दुसऱ्यावर चालेल असंही नाही. काठावर उभं राहिलं की वाऱ्याची झुळूकही पुरते.

त्यात आणखी एक योगायोग. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरच्या सप्लायमध्ये ती डीसी होताना जो हम उरतो तो १०० हर्ट्झचा असतो. आमचा फुगवटा १०५ ला. शंभरचा हम त्याच्या अगदी शेजारी, म्हणून तोही फुगला. अंगणात आम्ही ज्याला धमक म्हणत होतो, त्यात बराचसा हाच एक सूर होता.

कॉईल का जळाली तेही सांगतो. व्होल्ट १.८ पट झाले की वूफरमध्ये जाणारी ताकद त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे साधारण सव्वातीन पट. २० वॅटला वाजत होतं ते ६५ वॅट मागतं. आणि व्होल्ट तेरा पट झाले तर? तीन हजारांवर वॅट. ते कुठून येणार? ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेला जाऊन टेकतो आणि तिथेच राहतो. गाण्याला मध्ये श्वास असतो, कॉईलला गार व्हायला वेळ मिळतो. घूं अखंड असतं. तीच उष्णता कॉईलला खाते.

मग बेस वाढवायचा कसा? उत्तर असं की फिल्टरला हात न लावता. फिल्टरचं काम चाळण्याचं, त्याला चाळू द्यायचं. वाढवायचं काम दुसऱ्याला द्यायचं.

आठवतं ना, त्या आयसीत दुसरं यंत्रही आहे, पाय ५, ६, ७ वर. आमच्या बोर्डावर ते फिल्टरच्या आधी होतं आणि पाय ६ आणि ७ एकमेकांना नुसते जोडलेले होते. म्हणजे गेन एक. आला तसा आवाज पुढे द्यायचा, एवढंच काम. वहिनींनी दोन्ही बोर्डांवर फिल्टरचा ५.६ परत लावला. मग पाय ६ आणि ७ मधला जोड कापला. तिथे ८.२ किलोचा रेझिस्टर लावला, करडा, लाल, लाल. पाय ६ वरून ग्राउंडला १० किलो. ०.८२ अधिक एक, गेन १.८२. या यंत्राला मागे येणारा तो कपॅसिटर नाही, म्हणून तिथे गेन बदलला तरी लगामाला धक्का लागत नाही.

पुन्हा मोजलं. ३० हर्ट्झला ०.५६. १०५ ला ०.३९. २१० ला ०.१४. प्रत्येक ठिकाणी १.८ पट, कुठेही फुगवटा नाही. एकूण गेन १.८२ गुणिले १.५६, म्हणजे २.८४. वहिनींना पहिल्या दिवशी हवा होता तेवढाच. गेन तोच, जागा वेगळी.

आता तुमच्यासाठी थोडं व्यवहाराचं.

पहिलं, आवाज कमी-जास्त करायचं बटण, म्हणजे पॉट, बसवायचं असेल तर ते या दुसऱ्या यंत्राच्या आधी बसवा. थेट फिल्टरच्या तोंडाशी बसवलं तर पॉटचा रेझिस्टन्स फिल्टरच्या पहिल्या रेझिस्टरमध्ये मिसळतो आणि बटण फिरवाल तशी हद्दच सरकत राहते.

दुसरं, तीनाचं गणित दोन्ही रेझिस्टर सारखे आणि दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तेव्हाच लावा. काही बोर्डांवर कपॅसिटर वेगवेगळे असतात आणि पाय १ आणि २ थेट जोडलेले असतात. तिथे फिल्टरचा गेन एकच ठेवलेला असतो. तो तसाच राहू द्या, वाढवायचं ते बाहेर वाढवा.

तिसरं, घूं आलं तर आधी शोध घ्या. माईक बंद करा. थांबलं तर माईक आणि बॉक्स समोरासमोर आहेत, जागा बदला. नाही थांबलं तर सेट बंद करून बोर्डाचं इनपुट ग्राउंडला जोडा आणि आवाज अगदी कमी ठेवून पुन्हा चालू करा. तरीही घूं आलं तर दोष बोर्डात नाहीतर सप्लायमध्ये आहे.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पेटी उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सप्लायमधले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. थांबा, मीटरने व्होल्ट उतरलेत का बघा, मगच हात घाला. आणि शिकत असाल तर एकटीने पेटी उघडू नका, कुणीतरी सोबत असू द्या.

राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे. तिथे शाळा न शिकलेल्या, आज्या झालेल्या बायका सहा महिन्यांत सोलर दिव्यांचे सर्किट जोडायला शिकतात. रेझिस्टर त्या रंगांवरून ओळखतात. आपल्याला तर वाचता येतं, हिशोब येतो, वही येते. आमच्यात बी.ए. झालेली आहे, पण हे सर्किट तिला कळलं ते वहिनींच्या हाताकडे आणि त्या मुलीच्या मीटरकडे बघून.

आता आमच्या गटात एक वेगळी वही आहे. सेटमध्ये काहीही बदलायचं असेल तर त्यात तारीख, जुना रंग, नवा रंग, आधीचं माप, नंतरचं माप लिहायचं. खाली दोघींच्या सह्या. जुना रेझिस्टर फेकायचा नाही, त्याच पानाला चिकटपट्टीने लावून ठेवायचा. पहिल्या पानावर १८ किलोचे ते दोन लावलेले आहेत. ते पान वहिनींनी स्वतः लिहिलं. काय केलं, काय झालं, का झालं, सगळं.

त्या गावाने यंदा सप्ताहाला आम्हाला बोलावलं नाही. बोलावतील की नाही माहीत नाही. पण पलीकडच्या वाडीने बोलावलं होतं. हरिपाठाला पखवाज थांबला की सबवूफरही थांबत होता. आमच्यातली एकजण तेवढंच ऐकत खांबाशी उभी होती. कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी वायरी गुंडाळल्या, भाड्याची पावती फाडली, आणि आम्ही टेम्पोत बसलो.

तुमच्या सेटचा फिल्टर बोर्ड एकदा प्लग काढून उघडून बघा. पाय १ आणि २ च्या मध्ये कोणता रंग आहे ते वहीत लिहा आणि तीनातून वजाबाकी करून बघा. उत्तर एकाच्या खाली आलं तर त्या बोर्डावर कुणीतरी आधीच हात फिरवलेला आहे असं समजा, आणि पुढची ऑर्डर घ्यायच्या आधी तो मोजून घ्या.